जपानी कांजीचा ओनामा

जपानी भाषा शिकूं इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास पहिले दोन महिने फारसे जड जात नाहींत. त्या भाषेंत आपल्या जिभेस अगदीं अपरिचित असे उच्चार थोडे. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, शब्दयोगी अव्यय नामास मागून जोडलें जातें, आणि ‘मी आंबा खातों’ या वाक्यांतील शब्दांचा क्रम जपानींतही तसाच राहतो. तिची वर्णमाला तर आपल्याच घरची वाटते. हिरागाना व काताकाना अशा दोन मालिका असून प्रत्येकींत ४६ मूळ अक्षरें आहेत. त्यांचा क्रम ‘आ, इ, उ, ए, ओ’ असा सुरू होतो आणि पुढें ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ असा चालतो. हा क्रम एकदां मोठ्यानें म्हणून पाहावा. आपल्या क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची व त्यापुढील य, र, व यांची चाहूल त्यांत स्पष्ट लागते. प-वर्गाच्या जागीं ‘हा’ कां, असें चाणाक्ष वाचक विचारील. प्राचीन जपानींत त्याचा उच्चार ‘पा’ असाच होता, हें त्याचें उत्तर.

हें साम्य आकस्मिक नाहीं. इ. स. ७३६ मध्यें बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु जपानांत पोहोंचला, आणि नारा येथील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनविधि ७५२ मध्यें त्याच्याच हस्तें झाला. पुढें ८०४ मध्यें कूकाई हा जपानी भिक्षु चीनला गेला, तेथें त्यानें संस्कृताचे पाठ घेतले, आणि ८०६ मध्यें परततांना ब्राह्मीपासून निघालेल्या एका लिपींतील ग्रंथ तो बरोबर घेऊन आला. त्या लिपीचें नांव ‘सिद्धम्’. बीजमंत्र लिहिण्याकडे जपानांत ती अद्यापही योजिली जाते, आणि तिच्या अध्ययनांतूनच जपानी पंडितांनीं आपल्या अक्षरांस वरील क्रम लाविला. लेखाच्या आरंभीं ‘सिद्धम्’ हा शब्द लिहिण्याचा आपल्या देशांत जुना प्रघात होता. त्यावरून लिपीसच तें नांव पडलें. आपल्याकडे पंतोजी धुळाक्षरें गिरवून घेत, तेव्हां ‘ॐ नमः सिद्धम्’ यानेंच आरंभ होई, व मुलांच्या तोंडीं त्याचा ‘ओनामा’ झाला. नाशिककरांस हा शब्द पाहावयास दूर जावें लागत नाहीं. पांडवलेण्यांतील १० व्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा जो लेख आहे, त्याचा पहिलाच शब्द ‘सिद्धम्’ हा आहे.

एवढी पूर्वपुण्याई गांठीं असतांही तिसऱ्या महिन्यांत पुष्कळांचा धीर सुटतो, कारण तेव्हां कांजीशीं गांठ पडते. (ही कांजी तांदळाची नव्हे. ‘कान’ म्हणजे चीनचे हान लोक व ‘जी’ म्हणजे अक्षर. चीनकडून आलेलें अक्षर तें कांजी.) जपान सरकारनें २०१० मध्यें ठरविलेल्या नित्य व्यवहाराच्या यादींत अशीं २,१३६ अक्षरें आहेत. हा आंकडा ऐकला म्हणजे पालक दचकतात, आणि मुलगा रोमन लिपींत लिहिलेलीं जपानी वाक्यें घोकूं लागतो. तेथेंच त्याचें शिक्षण खुंटतें, असें माझें स्पष्ट मत आहे. कारखान्यांतील सूचनाफलकावर किंवा औषधाच्या बाटलीवर रोमन लिपि भेटेलच असें नाहीं. कांजी मात्र भेटल्यावांचून राहत नाहीं. म्हणून या लेखांत दोनच अक्षरें शिकावयाचीं, परंतु तीं नीट. एकाचा अर्थ ‘तीन’ आणि दुसऱ्याचा ‘डोंगर’. तीं येथें मुद्दामच छापलेलीं नाहींत. छापील अक्षर समोर असलें म्हणजे विद्यार्थी तें चित्रासारखें उतरवितो, व रेघांच्या क्रमाकडे त्याचें लक्ष जात नाहीं. वर्णन वाचावें, हातानें काढावें, आणि मग कोशांत पडताळून पाहावें.

चौकटींची गणिताची वही घ्यावी. चार लहान घरें मिळून एक मोठें घर धरावें. त्यांच्या मधल्या उभ्या व आडव्या रेघेवरून अक्षराचा मध्य कळतो. आतां घराच्या वरच्या भागांत डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ काढावी. तिच्या खालीं, मध्यावर, दुसरी. ही पहिलीपेक्षां थोडी आंखूड. सर्वांत खालीं तिसरी, ती सर्वांत लांब, घराच्या दोन्ही कडांजवळ जाणारी. झालें ‘तीन’ हें अक्षर. रेघांमधील अंतर सारखें असावें, आणि प्रत्येक रेघेच्या शेवटीं हात क्षणभर थांबवून मग पेन्सिल उचलावी. तिन्ही रेघा सारख्या लांबीच्या काढल्या तर वाचणारास कळेल खरें, पण अक्षर पांगळें दिसेल. येथें मराठी मुलांची एक संवय आड येते. आपलीं अक्षरें शिरोरेघेस टांगलेलीं असतात, म्हणून मूल नकळत वरचीच रेघ लांब व ठसठशीत काढतें. कांजीचें अक्षर टांगलेलें नसतें. तें घराच्या मध्यावर बैठक मारून बसलेलें असतें, व त्याचा भार खालीं असतो.

‘एक’ या अक्षरास अशीच एक आडवी रेघ पुरते व ‘दोन’ला दोन, वरची आंखूड व खालची लांब. ‘चार’ला मात्र हा न्याय लागत नाहीं, तें निराळ्याच घडणीचें पांच रेघांचें अक्षर आहे.

नाशिकच्या मुलास हें अक्षर परकें वाटण्याचें वास्तविक कारण नाहीं. पांडवलेण्यांतील शिलालेखांत जे ब्राह्मी अंक आढळतात, त्यांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आणि तीन म्हणजे एकीखालीं एक अशा तीन आडव्या रेघा. अंकांच्या इतिहासावरील ग्रंथांत जीं कोष्टकें दिलेलीं असतात, त्यांत नाशिकच्या अंकांची एक स्वतंत्र ओळ ठेविलेली असते. इतका त्यांचा मान आहे. हात न उचलतां घाईनें लिहितां लिहितां त्या दोन रेघांचा आपला २ झाला व तीन रेघांचा ३ झाला. चिनी ‘तीन’ आणि ब्राह्मी ‘तीन’ यांचें नातें रक्ताचें नव्हे. दोन दूरच्या देशांतील कारकुनांस एकच सोपी युक्ति सुचली, एवढेंच. आणखीही एक साम्य आहे. उषवदातानें भिक्षूंच्या वस्त्रादिकांसाठीं ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांपैकीं २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे व १,००० दुसऱ्या श्रेणीकडे व्याजानें ठेविले, असा हिशेब तेथेंच कोरलेला आहे. त्या काळच्या पद्धतींत शून्य मांडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सहस्र या संख्येस स्वतंत्र चिन्ह होतें. कांजींतही शंभर व हजार यांस स्वतंत्र अक्षरें आहेत. ‘तीन’ लिहून पुढें ‘हजार’ लिहिलें कीं ‘सान्झेन’, म्हणजे तीन हजार.

लिहिणें झालें; आतां वाचणें, आणि खरी अडचण येथेंच आहे. वर्गांत हें अक्षर फळ्यावर काढून ‘याचा उच्चार सान’ असें सांगितलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, यांत ‘सा’ कोठें आहे आणि ‘न’ कोठें आहे?” प्रश्न फार चांगला होता. त्यास मीं फळ्यावर ५ हा अंक काढून दाखविला व विचारलें, “यांत ‘पा’ कोठें आहे आणि ‘च’ कोठें आहे?”

आपण अक्षरांची बाराखडी शिकतों, पण अंक त्या बाराखडींत बसत नाहींत. ‘क’ हें अक्षर ध्वनि दाखवितें, ५ हा अंक वस्तूंची संख्या दाखवितो. ध्वनि त्यास आपण आपल्याकडून पुरवितों. तोच अंक मराठी मनुष्य ‘पांच’ म्हणून वाचतो, कानडी मनुष्य ‘ऐदु’ म्हणून वाचतो, आणि हिशेबांत दोघांचा तंटा होत नाहीं. कांजी ही अशीच अर्थ दाखविणाऱ्या चिन्हांची लिपि आहे. ज्या मुलास ५ हा अंक वाचतां येतो, त्यास कांजी वाचण्याचें मर्म अगोदरच अवगत आहे. त्यास ठाऊक नसतें तें एवढेंच, कीं आपण तें अवगत केलेलें आहे.

हीच गोष्ट आणखी थोडी ताणून पाहूं. समजा, कोणी लहरी मनुष्यानें पाटीवर ‘५ वडे’ असें लिहिलें व शेजारीं ‘५ वटी’ असें लिहिलें. पहिलें आपण ‘पांच वडे’ वाचूं. दुसरें ‘पांचवटी’ असें नाशिकचा कोणीही मनुष्य वाचणार नाहीं, तो ‘पंचवटी’च म्हणेल. अंक एकच, वाचन दोन प्रकारचें; कोणतें केव्हां करावयाचें हें शेजारचा शब्द सांगतो. एकटा असतां मराठी वाचन, संस्कृत शब्दाच्या संगतींत संस्कृत वाचन. जपानी कांजीचा नियम हुबेहूब हाच आहे. सुमारें पांचव्या शतकांत कोरियाच्या वाटेनें हीं अक्षरें जपानांत रुजूं लागलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर चिनी शब्दही आले. त्यांच्या उच्चारास ‘ओन’ वाचन म्हणतात. जपान्यांचे स्वतःचे शब्दही होतेच. तेही त्याच अक्षरांस चिकटले, त्यांस ‘कुन’ वाचन म्हणतात. आपल्या व्याकरणांतील तत्सम शब्द आणि देशी शब्द यांची जोडी मनांत आणावी. ‘तीन’ या अक्षराचें ओन वाचन ‘सान’ व कुन वाचन ‘मि’. तिसरा महिना, म्हणजे मार्च, तो ‘सान्गात्सु’. तीन माणसें तीं ‘सान्निन’. पण तीन दिवस ते ‘मिक्का’, आणि नुसत्या तीन वस्तु असल्या तर ‘मित्त्सु’. आपणही ‘तीन आंबे’ म्हणतों, पण ‘त्र्यंबक’ आणि ‘त्रिकोण’ म्हणतों, ‘तिमाही’ म्हणतों; त्यांत आपणांस कांहीं विचित्र वाटत नाहीं.

‘मित्त्सु’ लिहितांना कांजीच्या ‘तीन’पुढें हिरागानांतील ‘त्सु’ हें अक्षर शेपटासारखें जोडतात. यालाही मराठींत जोड आहे. आपण ‘१ ला’, ‘२ रा’, ‘३ रा’ असें लिहितों. ‘१ ला’ हें कोणी ‘एकला’ असें वाचीत नाहीं. ‘ला’ हें शेपूट पाहतांच जिभेवर ‘पहिला’ येतो. अंकानें अर्थ सांगितला, शेपटानें वाचन ठरविलें. जपानींत अशा शेपटांचा पसारा मोठा आहे, व क्रियापदांत तर तीं पदोपदीं लागतात. परंतु तत्त्व ‘१ ला’चेंच. मोटारींवर ज्या कंपनीचें नांव पालकांनीं पाहिलें असेल ती ‘मित्सुबिशी’ याच ‘तीन’वरून निघाली. ‘मित्सु’ म्हणजे तीन व ‘हिशी’ म्हणजे शिंगाडा. शिंगाड्याच्या आकारावरून चौकोनी शंकरपाळ्याच्या आकृतीसही तोच शब्द लागला. तिच्या चिन्हांत तशा तीन आकृति आहेत.

आतां डोंगर.

हें अक्षरही तीन रेघांचेंच. पहिली रेघ मधोमध, उभी, वरून खालीं. हीच सर्वांत उंच. दुसरी रेघ डावीकडे, पहिलीच्या निम्म्या उंचीपासून थोडी वरून सुरू करून सरळ खालीं आणावी, आणि पेन्सिल न उचलतां तळाशीं काटकोनांत वळवून उजवीकडे न्यावी. वाटेंत तिला मधल्या रेघेचा पाय लागतो. तिसरी रेघ उजवीकडे, डावीच्याच उंचीची, वरून खालीं येऊन तळरेघेच्या टोंकास मिळणारी. मध्यें उंच शिखर, दोहों बाजूंस दोन ठेंगणीं शिखरें, व खालीं जमीन. चीनमध्यें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं हाडांवर व कासवाच्या पाठीवर कोरलेल्या लेखांत या अक्षराचा आकार खरोखरच तीन शिखरांच्या डोंगरासारखा दिसतो.

येथें बहुतेक विद्यार्थी रेघा चार मोजतात, कारण त्यांनीं डावी उभी रेघ व तळरेघ वेगळ्या काढलेल्या असतात. ही चूक लहान दिसते, पण लहान नाहीं. कांजीचा कोश रेघांच्या संख्येवरून चाळावा लागतो. तीन रेघांच्या अक्षरांत जें आहे, तें चार रेघांच्या पानांवर शोधीत बसलें तर जन्मांत सांपडावयाचें नाहीं. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटानें अक्षर काढून अर्थ विचारतात, तेव्हांही क्रम बरोबर असला तर तें यंत्र लवकर ओळखतें.

डोंगराचें कुन वाचन ‘यामा’ आणि ओन वाचन ‘सान’. एकट्या डोंगरास ‘यामा’ म्हणावयाचें. मोठ्या नांवाच्या पाठीमागें तो आला कीं बहुधा ‘सान’. आपणही ‘डोंगर चढलों’ म्हणतों, पण नांवांत ‘ब्रह्मगिरी’ म्हणतों, ‘ब्रह्मडोंगर’ म्हणत नाहीं. जपानचा सर्वांत उंच पर्वत, ३,७७६ मीटरचा, ‘फुजीसान’ होय. जपानींत माणसाच्या नांवापुढें आदरार्थी ‘सान’ लावतात, हें ज्यांनीं ऐकलेलें असतें त्यांचा समज असा होतो, कीं आपण जशी ‘कळसूबाई’ म्हणतों तसे जपानी लोक ‘फुजीराव’ म्हणत असावेत. कल्पना गोड आहे, पण खरी नाहीं. फुजीच्या मागचा ‘सान’ हा डोंगराचा, माणसाचा नव्हे.

‘यामा’ ओळखूं लागला म्हणजे जपानी नांवांचें अर्धें कोडें सुटतें. ‘यामादा’ हें आडनांव म्हणजे डोंगर आणि भातशेत. आपल्याकडे ‘डोंगरे’ आहेतच. दुचाकींवर दिसणारें ‘यामाहा’ हें नांव तोराकुसु यामाहा (१८५१–१९१६) याच्या आडनांवावरून आलें. त्यानें १८८७ मध्यें ऑर्गन बनविण्यापासून आरंभ केला. आडनांवाचीं दोन अक्षरें डोंगर आणि पान. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नांवाचें उद्यान आहे, त्यास पुणें-ओकायामा मैत्री उद्यान असेंही म्हणतात, व त्याची रचना जपानांतील ओकायामा शहराच्या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर केलेली आहे. त्या ‘ओकायामा’च्या शेवटीं हाच ‘यामा’ आहे. इतकेंच नव्हे, तर ‘ओका’ (टेकाड) हें जें पहिलें अक्षर, त्याच्या पोटांतही बारकाईनें पाहिल्यास तोच तीन शिखरांचा डोंगर लहान होऊन बसलेला सांपडतो. मोठीं अक्षरें अशीं लहान अक्षरांचीं बनलेलीं असतात. डोंगराखालीं दगड लिहिला कीं खडक होतो. अग्नि व डोंगर शेजारीं लिहिले कीं ‘काझान’, म्हणजे ज्वालामुखी.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल, कीं ‘तीन’ही सान आणि ‘डोंगर’ही सान. जपानींत असे समानोच्चारी शब्द पुष्कळ आहेत, कारण चिनी भाषेंत जे उच्चार सुरांच्या चढउतारानें निराळे ठेविले जात, ते जपानी तोंडीं सपाट होऊन एक झाले. नुसत्या ध्वनीवरून अर्थ उकलेना, तर डोळ्यांनीं उकलावा, हा कांजीचा उपयोग. रोमन लिपींत जपानी शिकणाऱ्या मुलाच्या हातीं सगळेच ‘सान’ सारखे येतात, आणि तो गोंधळून म्हणतो कीं भाषाच कठीण आहे. मला वाटतें, त्यानें भाषेचा डोळा झांकून ठेविलेला असतो.

आतां ‘तीन’ व ‘डोंगर’ ही दोन्ही अक्षरें शेजारीं लिहावीं. एकूण रेघा सहा. वाचन ‘सानझान’, दुसऱ्या ‘सान’मधील ‘स’ हा जोडशब्दांत मऊ होऊन ‘झाड’ या शब्दांतील ‘झ’सारखा होतो. संस्कृतांत ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होतांना क-चा ग होतो, त्या जातीचाच हा फेरफार. सानझान म्हणजे तीन पर्वत. जपानच्या उत्तर भागांत यामागाता नांवाच्या प्रांतांत ‘देवा सानझान’ म्हणून तीन पवित्र पर्वत प्रसिद्ध आहेत: हागुरो, गास्सान आणि युदोनो. (‘देवा’ हें तेथील जुन्या मुलुखाचें नांव, आपल्या देवाशीं त्याचा संबंध नाहीं.) आणि पांडवलेणीं ज्या डोंगरांत कोरलेलीं आहेत, त्याचें नांव उषवदाताच्या लेखांत ‘त्रिरश्मि’ असें दिलेलें आहे. तीन किरणांचा तो पर्वत. तेव्हां लेणीं पाहावयास जाल त्या दिवशीं वहींत हीं दोन अक्षरें काढावीं; शब्दशः भाषांतर होणार नाहीं, पण विषय सोडून गेल्यासारखेंही होणार नाहीं.

एक इशारा द्यावयास पाहिजे. डोंगराचें चित्र पाहून मुलांस वाटतें, कीं सगळीच कांजी चित्रमय असेल व गोष्टी रचून पाठ करतां येईल. चित्रापासून निघालेलीं अक्षरें थोडीं. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवितो व दुसरा उच्चाराची. गोष्टी रचून शिकविणाऱ्या पुस्तकांवर मुलें पहिल्या पन्नास अक्षरांपर्यंत खूष असतात, पुढें गोष्टीच अक्षरांहून अवघड होतात.

पालकांस दोन शब्द. जपानांतील मूल पहिल्या इयत्तेंत ८० कांजी शिकतें, आणि ‘तीन’ व ‘डोंगर’ हीं त्या ८० पैकींच आहेत. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मिळून २०२० पासून १,०२६ अक्षरें नेमलेलीं आहेत. बाकीचीं माध्यमिक शाळेंत. ज्यांच्या घरीं, दारीं, वर्तमानपत्रांत ती लिपि आहे, त्यांस जेथें सहा वर्षें लागतात, तेथें आपल्या मुलानें एका वर्षांत सर्व पार पाडावें अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. रोज एक म्हटलें तरी २,१३६ अक्षरांस पांच वर्षें दहा महिने लागतात. महाराष्ट्रांत या भाषेचें मोठें माहेरघर म्हणजे पुणें. तेथें विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूंत आहे, व जपानी भाषाप्रावीण्य परीक्षेचें केंद्रही तेथें असतें. २०१० पासून त्या परीक्षेच्या पांच पायऱ्या आहेत; ‘एन ५’ ही सर्वांत खालची. त्या परीक्षेंत हातानें कांहींच लिहावयाचें नसतें, पर्याय निवडावयाचे असतात; आणि भ्रमणध्वनीवर उच्चार टंकला कीं अक्षर आपोआप पुढें येतें. मग हातानें गिरविण्याचा त्रास कशास, असें पालक विचारतात. त्यांस माझें सांगणें असें: सर्व अक्षरें हातानें लिहिलींच पाहिजेत असा माझा आग्रह नाहीं, पहिलीं ८० मात्र लिहावींच. माणूस, आंत शिरणें आणि आठ हीं तिन्ही अक्षरें दोन दोन तिरप्या रेघांचीं आहेत, व तीं कशानें वेगळीं होतात हें ज्या हातानें तीं काढलीं त्यालाच स्मरतें. रोज पंधरा मिनिटें, चौकटींची वही, आणि एका अक्षराच्या दहाच आवृत्ति. शंभर वेळां लिहावयास लावूं नये. अकराव्या वेळेपासून हात लिहितो व डोळा झोंपतो.

हीं दोन अक्षरें न पाहतां काढतां येऊं लागलीं, कीं तिसरें घ्यावें ‘नदी’. त्यालाही तीनच रेघा, तिन्ही उभ्या, डावीकडून उजवीकडे क्रमानें: पहिली खालीं उतरतांना डावीकडे किंचित् झुकणारी, मधली आंखूड, तिसरी लांब व सरळ. कांठ, प्रवाह, कांठ. त्याचें कुन वाचन ‘कावा’. शब्द ऐकून मराठी मुलास गनिमी कावा आठवेल, आणि आठवला तर बरेंच, शब्द विसरणार नाहीं. ‘डोंगर’ व ‘नदी’ शेजारीं शेजारीं लिहिल्यास वाचन दोन प्रकारें होतें. ‘यामाकावा’ म्हटलें तर डोंगर आणि नदी, असा द्वंद्व समास. ‘यामागावा’ म्हटलें, म्हणजे क-चा ग केला, तर डोंगरांतली नदी, असा तत्पुरुष. लिहिणें दोहोंचें एकच, सहा रेघांचें. विद्यार्थ्यांनीं तें वहींत काढावें, त्याच्याखालीं दोन्ही समासांचा विग्रह मराठींत लिहावा, आणि ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीस यांपैकीं कोणतें वाचन लागेल तें ठरवावें.